डेंटल एन्ट्रन्ससाठी साखर आणि अमिनो ॲसिड: आकृत्या पाठ करू नका, कार्बोनिल आणि पीकेए बघा

डेंटलच्या एन्ट्रन्सची तयारी करताना कार्बोहायड्रेट आणि अमिनो ॲसिड ही प्रकरणं आली की बहुतेक मुलं एकच करतात, सगळ्या साखरांच्या आणि वीसच्या वीस अमिनो ॲसिडांच्या आकृत्या कागदावर काढायच्या, भिंतीला चिकटवायच्या आणि येता-जाता बघत राहायचं. आठवड्याभरात ग्लुकोज आणि गॅलेक्टोज एकमेकांत मिसळतात, लायसिन कुठलं आणि ल्युसिन कुठलं ते कळेनासं होतं, आणि मग मुलं म्हणतात की हा भाग घोकंपट्टीचाच आहे. मला हे अजिबात पटत नाही. ही दोन्ही प्रकरणं म्हणजे ऑरगॅनिकमधली जुनीच केमिस्ट्री आहे, साखर म्हणजे एक आल्डिहाइड किंवा कीटोन (दोन्हीत कार्बन-ऑक्सिजन डबल बाँड, त्यालाच कार्बोनिल म्हणतात) आणि त्याच साखळीवर भरपूर ओएच, आणि अमिनो ॲसिड म्हणजे एकाच रेणूत बसलेलं एक आम्ल आणि एक बेस. एवढं पक्कं धरलं तर जवळजवळ सगळं त्यातूनच काढता येतं.

आणि काढता येणं गरजेचंच आहे, कारण अमेरिकेतल्या डॅटमध्ये (डेंटल ॲडमिशन टेस्ट) नॅचरल सायन्सच्या भागात ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात, त्यातले ३० ऑरगॅनिकचे. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद. एवढ्या वेळात भिंतीवरची आकृती डोळ्यासमोर येईलच याची खात्री नसते, पण नियम माहीत असेल तर पेन्सिल आपोआप चालते.

साखरेपासून सुरू करू. एकच साखर नीट पाठ करा, ती म्हणजे डी-ग्लुकोज. सहा कार्बनची सरळ साखळी उभी काढा, वर आल्डिहाइड, खाली सीएच२ओएच, आणि मधल्या चार कार्बनवरचे ओएच वरून खाली असे: उजवा, डावा, उजवा, उजवा. हे फिशर प्रोजेक्शन, एमिल फिशर यांच्या नावाचं, ज्यांना साखरेवरच्या कामासाठी (आणि प्युरिनवरच्या) १९०२ चं नोबेल मिळालं. यात आडव्या रेघा तुमच्याकडे येतात आणि उभ्या रेघा कागदाच्या मागे जातात, हे विसरलं की पुढचं सगळं चुकतं.

आता बाकीच्या साखरा ग्लुकोजपासून एकेक बदल करून मिळवा. दुसऱ्या कार्बनवरचा ओएच फिरवला की मॅनोज, चौथ्यावरचा फिरवला की गॅलेक्टोज, आणि कार्बोनिल पहिल्यावरून दुसऱ्यावर नेलं, बाकी खालचं तसंच ठेवलं, की फ्रुक्टोज. बस, कामाच्या चार साखरा झाल्या. ज्या दोन साखरांत फक्त एकाच कायरल कार्बनचा (चार वेगवेगळे ग्रुप लागलेल्या कार्बनचा) फरक असतो त्या एपिमर, म्हणून ग्लुकोज-मॅनोज एपिमर आहेत, ग्लुकोज-गॅलेक्टोजही आहेत, पण मॅनोज आणि गॅलेक्टोज एकमेकांचे एपिमर नाहीत कारण त्यांच्यात दोन ठिकाणी फरक पडतो, ते नुसते डायस्टिरिओमर (जोड तेच, पण आरशातलं प्रतिबिंब नाही). हा प्रश्न फार आवडता आहे, लक्षात ठेवा. आणि एनँशिओमर (आरशातलं प्रतिबिंब) पाहिजे असेल तर चारही ओएच उलटे करावे लागतात, एल-ग्लुकोज म्हणजे डावा, उजवा, डावा, डावा. अनेक मुलं फक्त खालचा एक ओएच फिरवून त्याला एल-ग्लुकोज म्हणतात, ते चूक, ती वेगळीच साखर होते. चार कायरल कार्बन म्हणजे दोनचा चौथा घात, एकूण १६ आल्डोहेक्सोज, त्यातल्या ८ डी आणि ८ एल.

डी की एल हे कसं ठरवायचं? कार्बोनिलपासून सगळ्यात लांबच्या कायरल कार्बनवरचा ओएच उजवीकडे असेल तर डी. याचा प्रकाश कुठल्या दिशेने वळतो याच्याशी काही संबंध नाही, डी-फ्रुक्टोज डी असूनसुद्धा प्रकाश डावीकडे वळवतो, साधारण उणे ९२ अंश. आर आणि एसशीही थेट संबंध नाही, ते प्रत्येक कार्बनसाठी वेगळं काढावं लागतं: ग्रुपना प्राधान्याने क्रम द्यायचा, बोट घड्याळाच्या दिशेने फिरलं तर आर, उलट फिरलं तर एस. ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनवर एकदा करूनच बघू. उजवीकडे ओएच, तो पहिला. वर आल्डिहाइड, त्या कार्बनला ऑक्सिजन दोनदा मोजला जातो म्हणून तो दुसरा. खाली तिसरा कार्बन, त्याला एकच ऑक्सिजन म्हणून तो तिसरा. डावीकडे हायड्रोजन. आता उजवीकडून वर आणि वरून खाली असं बोट फिरवा, घड्याळाच्या उलट दिशेने जातं, म्हणजे एस वाटतं, पण हायड्रोजन आडव्या रेघेवर आहे म्हणजे तो तुमच्या तोंडासमोर आलाय, म्हणून उत्तर उलटं करायचं, आर. फिशरमध्ये हायड्रोजन आडवा असेल तर उत्तर उलटं करा, ही एक ओळ बरेच मार्क वाचवते.

आता या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, रिंग. आल्डिहाइड आणि अल्कोहोल एकत्र आले की हेमिॲसिटल होतं, हे तुम्ही कार्बोनिलच्या प्रकरणात शिकलेलं असतं. ग्लुकोजमध्ये दोन्ही एकाच रेणूत आहेत, मग पाचव्या कार्बनवरचा ओएच वळून पहिल्या कार्बनवर हल्ला करतो आणि पाच कार्बन आणि एक ऑक्सिजन अशी सहाची रिंग बनते, तिला पायरॅनोज म्हणतात. पाण्यातलं ग्लुकोज जवळजवळ सगळंच या रिंगच्या रूपात असतं, उघडी साखळी अगदी नगण्य. हल्ला झाला की पहिला कार्बनही कायरल होतो, त्याला ॲनोमेरिक कार्बन म्हणतात, आणि त्याच्यावरचा नवा ओएच खाली असेल तर अल्फा, वर असेल तर बीटा (हे डी साखरेसाठी, जिथे सीएच२ओएच वर काढतात). फिशरमधून हॉवर्थमध्ये (रिंग सपाट दाखवणारी आकृती) जायचं तर उजवीकडचा ओएच खाली, डावीकडचा वर, झालं.

रिंग सारखी उघडते आणि मिटते, म्हणून शुद्ध अल्फा ग्लुकोज पाण्यात टाकलं तरी काही वेळाने त्यात बीटा तयार होतं. यालाच म्यूटारोटेशन म्हणतात, आणि यावरचं गणित एकदा हाताने करून बघितलं की कायमचं डोक्यात बसतं. शुद्ध अल्फाचं रोटेशन (प्रकाश वळवण्याचा कोन) +११२.२ अंश, शुद्ध बीटाचं +१८.७, आणि दोन्हीपैकी काहीही पाण्यात टाका, शेवटी आकडा +५२.७ वर येऊन थांबतो. अल्फाचा वाटा क्ष धरा. ११२.२ गुणिले क्ष, अधिक १८.७ गुणिले (१ वजा क्ष), बरोबर ५२.७. सोडवलं की ९३.५ क्ष बरोबर ३४, म्हणजे क्ष ०.३६ च्या आसपास, म्हणजे ३६ टक्के अल्फा आणि ६४ टक्के बीटा. बीटा जास्त का? कारण चेअरमध्ये (रिंगचा खुर्चीसारखा आकार) काढलं तर बीटा-डी-ग्लुकोजचे सगळेच्या सगळे मोठे ग्रुप इक्वेटोरियल (बाजूला) बसतात, एकही उभा राहत नाही. अल्फामध्ये ॲनोमेरिक ओएच ॲक्सियल (उभा) येतो. सायक्लोहेक्झेनच्या प्रकरणातलीच गोष्ट ही, नवीन काहीच नाही.

याच ॲनोमेरिक कार्बनवरून रिड्यूसिंग शुगरचा प्रश्नही सुटतो. कुठल्याही साखरेची आकृती दिली की तो कार्बन शोधा ज्याला रिंगमध्ये दोन ऑक्सिजन लागलेत. त्या दोनपैकी एक ओएच असेल तर ते हेमिॲसिटल, रिंग उघडू शकते, आल्डिहाइड मोकळं होऊ शकतं, साखर रिड्यूसिंग, आल्डिहाइड ओळखायच्या टॉलेन्स आणि बेनेडिक्ट टेस्ट पॉझिटिव्ह. दोन्ही ऑक्सिजन पुढे कार्बनला जोडलेले असतील तर ते ॲसिटल, रिंगला कुलूप, नॉन-रिड्यूसिंग. माल्टोज आणि लॅक्टोजमध्ये एक टोक मोकळं आहे म्हणून ती रिड्यूसिंग आहेत. सुक्रोजमध्ये ग्लुकोजचा पहिला कार्बन आणि फ्रुक्टोजचा दुसरा कार्बन, म्हणजे दोघांचेही ॲनोमेरिक कार्बन, एकमेकांना जोडले गेलेत, मोकळं काहीच उरत नाही, म्हणून सुक्रोज नॉन-रिड्यूसिंग आणि म्हणूनच ते म्यूटारोटेशनही दाखवत नाही. इथे एक खाच आहे, फ्रुक्टोज कीटोन असूनही टॉलेन्सला पॉझिटिव्ह येतं, कारण टॉलेन्सचं द्रावण बेसिक असतं आणि बेसमध्ये ते इनडायॉलमार्गे आल्डिहाइडमध्ये बदलतं. ब्रोमीन वॉटर मात्र बेसिक नाही, तिथे हा बदल होत नाही, म्हणून ब्रोमीन वॉटर आल्डोजला ऑक्सिडाइज करतं आणि फ्रुक्टोजला सोडून देतं. आल्डोज की कीटोज ओळखायचं असेल तर ब्रोमीन वॉटर, हे उत्तर डोळे मिटून.

रिॲक्शन्सही टोकांवरच चालतात. सोडियम बोरोहायड्राइडने वरचं आल्डिहाइड अल्कोहोल होतं, ब्रोमीन वॉटरने फक्त आल्डिहाइडचं ॲसिड होतं, नायट्रिक ॲसिडने वरचं आणि खालचं दोन्ही टोकं ॲसिड होतात. यातून एक सुंदर प्रश्न तयार होतो, दोन्ही टोकं सारखी झाली की रेणू मेसो (कायरल कार्बन असूनही स्वतःचाच आरसा) होतो का? गॅलेक्टोज बघा, उजवा, डावा, डावा, उजवा. वरचा अर्धा खालच्या अर्ध्याचा आरसा, म्हणजे रिडक्शन केलं किंवा नायट्रिक ॲसिड टाकलं की प्रॉडक्ट मेसो, प्रकाश वळवत नाही. ग्लुकोज उजवा, डावा, उजवा, उजवा, जुळत नाही, प्रॉडक्ट ॲक्टिव्ह राहतं.

झायलिटॉलचं पण हेच. झायलोज ही पाच कार्बनची साखर, उजवा, डावा, उजवा, रिडक्शन केलं की झायलिटॉल, आणि ते मेसो. हेच झायलिटॉल दातांसाठी म्हणून च्युइंगममध्ये घालतात, कारण स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा दात किडवणारा जीवाणू त्याच्यापासून ॲसिड बनवू शकत नाही. सुक्रोजवर मात्र तो तुटून पडतो, त्यातल्या ग्लुकोजची चिकट साखळी (ग्लुकॅन) बनवून दाताला घट्ट चिकटतो आणि साखर आंबवून लॅक्टिक ॲसिड सोडतो, आणि पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं. ज्या पेशात तुम्हाला जायचंय त्याचं मूळ या प्रकरणात आहे, म्हणून तरी हे मनापासून वाचा.

बाकी राहिलेलं पटकन. पीरिऑडिक ॲसिड शेजारशेजारच्या ऑक्सिजनवाल्या कार्बनमधले बाँड तोडतं, ग्लुकोजमधून पाच फॉर्मिक ॲसिड आणि एक फॉर्मल्डिहाइड निघतं. किलियानी-फिशरने साखळी एका कार्बनने वाढते, रफ आणि वोलने एकाने कमी होते. फिनाइलहायड्राझिनने ओसाझोन होतं, त्यात पहिले दोन कार्बन बदलतात म्हणून ग्लुकोज, मॅनोज आणि फ्रुक्टोज तिघांचं ओसाझोन एकच. स्टार्चमध्ये अल्फा १-४ जोड, सेल्युलोजमध्ये बीटा १-४, आणि ग्लायकोजेनमध्ये अल्फा १-६ च्या फांद्या भरपूर.

अमिनो ॲसिडला येऊ. पहिली सवय मोडायची ती म्हणजे एका बाजूला एनएच२ आणि दुसऱ्या बाजूला सीओओएच काढायची. असा रेणू पाण्यात कुठल्याच पीएचला ठळकपणे नसतो, कारण आम्ल आणि बेस एकाच रेणूत आहेत म्हटल्यावर प्रोटॉन एकाकडून दुसऱ्याकडे जाणारच. मध्यम पीएचला एकीकडे एनएच३ प्लस आणि दुसरीकडे सीओओ मायनस, एकूण चार्ज शून्य, हे झ्विटरआयन. पीकेए म्हणजे ज्या पीएचला एखाद्या ग्रुपचा प्रोटॉन अर्ध्या रेणूंवरून निघालेला असतो तो आकडा; पीएच पीकेएपेक्षा कमी असेल तर प्रोटॉन जागेवर, जास्त असेल तर प्रोटॉन गेला, हा एकच नियम आहे आणि सगळं त्यावर चालतं.

लायसिन घेऊ, कारण चुका तिथेच होतात. त्याचे तीन पीकेए आहेत, कार्बोक्सिल २.१८, अल्फा अमिनो ८.९५, साइड चेनचा अमिनो १०.५३. पीएच १ ला सगळे प्रोटॉन जागेवर, दोन प्लस, म्हणजे चार्ज +२. पीएच २.१८ ओलांडला की कार्बोक्सिल मायनस होतो, चार्ज +१. ८.९५ ओलांडला की एक अमिनो न्यूट्रल, चार्ज ०. १०.५३ ओलांडला की दुसराही, चार्ज −१. शून्य चार्ज कुठल्या दोन आकड्यांच्या मध्ये आहे? ८.९५ आणि १०.५३. फक्त त्या दोघांची सरासरी काढा, ९.७४, हा लायसिनचा पीआय (एकूण चार्ज शून्य असतो तो पीएच). तिन्ही पीकेएंची सरासरी काढायची नाही, आणि परीक्षेच्या पर्यायांत ती चुकीची सरासरी हमखास दिलेली असते. ॲस्पार्टिक ॲसिडचे आकडे १.८८, ३.६५ आणि ९.६०, तिथे सुरुवात +१ पासून होते, शून्य पहिल्या दोघांच्या मध्ये येतं, पीआय २.७७. ग्लायसिनची साइड चेन म्हणजे नुसता हायड्रोजन, तिला पीकेए नाही, म्हणून २.३४ आणि ९.६० ची सरासरी ५.९७.

हे तिघं मिळून पीएच ६ च्या जेलवर ठेवले आणि करंट सोडला तर काय होईल? ग्लायसिन जागचं फारसं हलणार नाही. लायसिनचा पीआय ६ च्या वर, म्हणजे ते इथे पॉझिटिव्ह, निगेटिव्ह टोकाकडे जाणार. ॲस्पार्टिक निगेटिव्ह, पॉझिटिव्ह टोकाकडे जाणार. इलेक्ट्रोफोरेसिसचे बहुतेक प्रश्न एवढ्यावर सुटतात.

वीस साइड चेन लक्षात ठेवायच्या तर आकाराने नाही, कामाने ठेवा: कोण तेलकट, कोण पाण्याशी जमवून घेणारं, कोण आम्ल, कोण बेस. आणि नायट्रोजन दिसला की लगेच बेसिक म्हणू नका, इथे खरी ऑरगॅनिक कामाला येते. ॲस्पॅराजिन आणि ग्लुटामिनमधला नायट्रोजन अमाइडचा आहे, त्याचे इलेक्ट्रॉन कार्बोनिलशी रेझोनन्समध्ये अडकलेत, बेसिक नाही. ट्रिप्टोफॅनमधल्या नायट्रोजनचे इलेक्ट्रॉन ॲरोमॅटिक रिंगच्या हिशोबात धरलेत, ते दिले तर ॲरोमॅटिसिटी जाईल, बेसिक नाही. हिस्टिडिनच्या रिंगमध्ये दोन नायट्रोजन आहेत, त्यातल्या एकाचे इलेक्ट्रॉन असेच गुंतलेले, पण दुसऱ्याचे रिंगच्या प्रतलात बाहेरच्या बाजूला मोकळे, म्हणून तो प्रोटॉन घेतो, पीकेए ६ च्या आसपास. बेसिक साइड चेनपैकी शरीराच्या पीएचच्या इतका जवळ दुसऱ्या कुणाचा पीकेए नाही, म्हणून एन्झाइममध्ये प्रोटॉनची देवाणघेवाण करायला हिस्टिडिन सारखं दिसतं. आणि आर्जिनिन सगळ्यात बेसिक, १२.४८, कारण प्रोटॉन घेतल्यावर तो प्लस चार्ज तीन नायट्रोजनवर पसरतो.

स्टिरिओकेमिस्ट्रीत लक्षात ठेवण्यासारखे अपवाद थोडेच. ग्लायसिन कायरल नाही. बाकी प्रोटीनमधले सगळे एल, आणि सगळे एस, एक सिस्टिन सोडून, कारण त्याच्या साइड चेनमधला सल्फर कार्बोक्सिलच्या वर प्राधान्य घेतो आणि उत्तर आर होतं. रचना तीच, फक्त नंबरिंग बदललं. थ्रिओनिन आणि आयसोल्युसिनला दोन कायरल कार्बन. प्रोलिनचा अमिनो ग्रुप रिंगमध्ये अडकलेला, म्हणून निनहायड्रिनने (अमिनो ॲसिड ओळखायचं रसायन) बाकीचे जांभळे होतात आणि प्रोलिन पिवळं.

पेप्टाइड बाँड म्हणजे अमाइड. नायट्रोजनचे इलेक्ट्रॉन कार्बोनिलकडे ओढले गेल्यामुळे कार्बन-नायट्रोजन बाँडला अर्धवट डबल बाँडचा गुण येतो, तो सहज फिरत नाही, सपाट राहतो आणि तो नायट्रोजन बेसिक उरत नाही. म्हणून पेप्टाइडचा चार्ज मोजताना मधले नायट्रोजन सोडून द्या, फक्त दोन टोकं आणि साइड चेन बघा. लायसिन-ॲलनिन-लायसिन घ्या, पीएच ७ ला एन टोक (अमिनोचं) +१, दोन लायसिन +२, सी टोक (कार्बोक्सिलचं) −१, एकूण +२. याच पेप्टाइडवर ट्रिप्सिन (प्रोटीन कापणारं एन्झाइम) टाकलं तर ते लायसिन आणि आर्जिनिनच्या सी बाजूला कापतं, म्हणजे पहिलं लायसिन सुटं होईल आणि ॲलनिन-लायसिन ही जोडी उरेल.

डेंटिनचा (इनॅमलच्या आतला दाताचा थर) विचार करा, त्यातला सेंद्रिय भाग मुख्यतः कोलॅजेन, आणि कोलॅजेनमध्ये दर तिसरं अमिनो ॲसिड ग्लायसिन असतं. का ग्लायसिनच? तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालतात तेव्हा आतल्या बाजूला फक्त एका हायड्रोजनपुरतीच जागा उरते, आणि साइड चेन म्हणून नुसता हायड्रोजन असलेलं अमिनो ॲसिड एकच आहे. प्रोलिनची रिंग साखळीला कडक करते, हायड्रॉक्सिप्रोलिन पीळ घट्ट धरून ठेवतं, आणि प्रोलिनवर तो ओएच बसवायला व्हिटॅमिन सी लागतं. स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येतं ते यामुळेच.

अभ्यास करताना क्रम असा ठेवा: आधी कार्बोनिल आणि हेमिॲसिटल, मग आर-एस, मग साखरा, मग आम्ल-बेस आणि पीकेए, मग अमिनो ॲसिड. रोज कोऱ्या कागदावर ग्लुकोज काढून त्याच्यापासून मॅनोज, गॅलेक्टोज, फ्रुक्टोज आणि बीटा चेअर असं हाताने काढा, आणि एक अमिनो ॲसिड घेऊन पीएच १ पासून १३ पर्यंत त्याचा चार्ज लिहा. नावांच्या रिॲक्शन्स शेवटच्या आठवड्यासाठी ठेवल्या तरी चालतात. स्ट्रेकर सिंथेसिस तेवढी आधी बघा, आल्डिहाइड, अमोनिया आणि सायनाइड घेऊन अमिनो नायट्राइल बनवायचं आणि मग हायड्रॉलिसिस. प्रॉडक्ट रेसिमिक (दोन्ही एनँशिओमर निम्मे-निम्मे) का येतं हे स्वतः मेकॅनिझम काढून शोधा, आल्डिहाइड आणि अमोनियापासून बनलेल्या ज्या इमिनवर सायनाइड येतं तो सपाट आहे आणि दोन्ही बाजू त्याला सारख्याच मोकळ्या आहेत.